तळ्याकाठचा चित्रकार

विद्यार्थी मित्रांनो, शाळेचे वर्ष संपत आले की एक काम अवश्य करा. आपली चित्रकलेची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा शांतपणे पाहा. कोणत्या चित्राला किती गुण मिळाले, हे थोडा वेळ विसरून जा. गुरुजींनी कोठे बरोबरची खूण केली आणि कोठे शेरा लिहिला, तेही बाजूला ठेवा. फक्त चित्रे पाहा.

बहुतेकांच्या वहीत एक चित्र हमखास सापडते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून वाहत येणारी निळी नदी, काठावर एक झोपडी, झोपडीजवळ नारळाचे झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. हे चित्र मुंबईतील मूल काढते, नागपूरचे मूल काढते आणि वसई तालुक्यातील कळंबचे मूलही काढते. आता कळंब हे तर समुद्रकाठचे गाव! तेथे समोर अरबी समुद्र आहे. किनाऱ्यावर वाळू आहे, सुरूची झाडे आहेत. ओहोटी लागली की पाणी मागे सरते आणि ओली वाळू आरशासारखी चमकू लागते. तेथे उभे राहून पाहणाऱ्याला सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. तरीही कागद पुढे आला की हात आपोआप दोन डोंगर आणि मधला सूर्य काढू लागतो. असे का होते? कारण ते चित्र आपण डोळ्यांनी पाहिलेले नसते. ते दुसऱ्या चित्रांवरून हाताला पाठ झालेले असते.

मग वहीतले कोणते चित्र खरोखर आपले? शिकवलेले किती आणि स्वतः पाहिलेले किती? हा प्रश्न लहान वाटतो, पण मोठमोठ्या चित्रकारांनाही तो सुटत नाही. महाराष्ट्रात एक चित्रकार असे होऊन गेले, की त्यांनी या प्रश्नासाठी जवळजवळ सारे आयुष्य एका तळ्याच्या काठी घालवले. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

आबालाल यांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. त्यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे नाव अब्दुल रहिमान. घरातले आणि गावातले लोक मुलाला लाडाने आबालाल म्हणत. पुढे हेच नाव सर्वत्र रूढ झाले आणि त्यापुढे वडिलांचे नाव जोडले गेले. म्हणून मराठी माणसे त्यांना आबालाल रहिमान या नावाने ओळखतात.

त्यांच्या घराण्यात पवित्र कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची आणि त्या नक्षीने सजवण्याची परंपरा होती. तुम्ही उर्दू शिकता, म्हणून हे काम किती अवघड असते ते तुम्हांला चटकन कळेल. बोरूची लेखणी विशिष्ट कोनात तासावी लागते. तो कोन थोडा जरी चुकला, तरी अक्षराची जाडी बिघडते. अलिफ किती उंच असावा, हे नुक्त्यांनी मोजतात. बे किती लांब ओढावा आणि त्याची खोली किती ठेवावी, यालाही माप असते. मजकूर पवित्र असल्यामुळे लिहिणाऱ्याला एकही चूक करून चालत नाही. खोडून पुन्हा लिहिण्याची सोय नसते. पानाच्या कडेला वेली, पाने, फुले यांची नक्षी असते. तिच्या दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या हाताला लहानपणीच शिस्त लागते. आपली ओळ आपणच तपासायची, ही सवय त्याला वेगळी शिकवावी लागत नाही.

येथे एक गंमत सांगतो. चित्रकलेच्या तासाला आपण जे मराठी शब्द वापरतो, त्यांतले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. कागद, कलम, शाई, नक्षी, तसबीर, हुबेहूब हे सारे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि मराठीचेच होऊन राहिले. तुम्ही रोज एका वहीत उजवीकडून डावीकडे लिहिता आणि दुसऱ्या वहीत डावीकडून उजवीकडे. आबालालांच्या हातांनाही अशा दोन्ही वाटा ठाऊक होत्या. त्यांना अरबी, फारसी आणि मराठी या भाषा येत होत्या. त्यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले आणि संस्कृतचाही परिचय करून घेतला.

अक्षरांच्या जगातून हा मुलगा चित्रांच्या जगाकडे वळला आणि चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला गेला. त्या काळी कोल्हापूरला रेल्वे नव्हती. ती १८९१ मध्ये आली. त्यापूर्वी कोल्हापूरहून मुंबईला जाणे हा मोठाच प्रवास होता. पण चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यायचे, तर मुंबईला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईचे प्रसिद्ध दानशूर व्यापारी सर जमशेटजी जिजीभाई यांनी कलाशिक्षणासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. त्या देणगीतून १८५७ मध्ये तेथे कलाशाळा सुरू झाली. तीच जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आबालाल १८८० नंतरच्या काळात या शाळेत शिकले. जॉन ग्रिफिथ्स हे इंग्रज चित्रकार तेव्हा शाळेचे प्रमुख होते.

त्या वेळचा चित्रकलेचा वर्ग कसा असे, याची कल्पना तुम्हांला यावी. पहिल्याच दिवशी हातात रंग मिळत नसत. प्रथम सरळ रेषा, वक्र रेषा आणि भूमितीच्या आकृत्या. मग छापील चित्रांवरून नकला. त्यानंतर प्लास्टरचे पुतळे समोर ठेवले जात. एखादा हात, एखादे पाऊल, एखादे डोके. त्यावर एका बाजूने उजेड पडलेला असे. हा उजेड कोठे प्रखर आहे, कोठे मंद होत जातो, सावली कोठे सर्वांत गडद आहे आणि त्या सावलीतही परत आलेला अंधूक उजेड कोठे दिसतो, हे पेन्सिलीने किंवा कोळशाने कागदावर उतरवायचे. अशा एकाच चित्रावर विद्यार्थी कित्येक दिवस बसून राहत. एवढे झाले, म्हणजे जिवंत माणूस समोर बसवून त्याचे चित्र काढायची पाळी येई.

तुमच्यापैकी कोणी एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसले असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय त्यांना माहीत असतात. वस्तुचित्राच्या वेळी समोर घागर, वाटी, कांदा अशा वस्तू मांडतात. त्या मांडणीतला एक नियम जुन्या वर्गापासून चालत आला आहे. घागर कशी असते, हे मनात आणू नका. समोरची घागर आता कशी दिसते, ते पाहा. घागरीचे तोंड गोल असते, हे आपल्याला माहीत आहे. पण बाकावर बसून पाहिले, तर ते लंबगोल दिसते. ज्याला गोल माहीत असतो, तो गोल काढतो आणि त्याची घागर कलंडलेली दिसते. ज्याला लंबगोल दिसतो, त्याची घागर बाकावर नीट उभी राहते. चित्रकलेचा पहिला धडा हाच आहे.

आबालाल या वर्गात चमकले. अक्षरे घडवणाऱ्या घराण्यातला हात, त्याला उजेडाची आणि सावलीची जोड मिळाली. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयच्या नावाचे पदक मिळाले. त्या काळी कलेच्या विद्यार्थ्याला मिळणारा हा फार मोठा मान होता. विद्यार्थी असताना काढलेली त्यांची काही रेखाचित्रे शाळेने आपल्या संग्रहात जपून ठेवली. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. पुढे तिचे महत्त्व कळेल.

आबालाल शिकत होते, त्याच काळातील दुसरी एक घटनाही सांगण्यासारखी आहे. ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला जात होते. लेण्यांच्या भिंतींवरील प्राचीन चित्रे पाहून ते त्यांच्या मोठमोठ्या प्रतिकृती तयार करत. या प्रतिकृती लंडनला पाठवल्या जात. १८८५ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतल्या बऱ्याच प्रतिकृती जळून गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या अशाच प्रतिकृती केल्या होत्या. त्याही १८६६ मध्ये लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. वर्षानुवर्षांचे कष्ट काही तासांत राख झाले. चित्र काढणे अवघड असते, पण ते टिकवणे त्याहून अवघड असते, हे यावरून दिसते.

पदक मिळवलेल्या तरुण चित्रकाराने पुढे काय करावे? त्या काळात वाट स्पष्ट होती. राजेमहाराजे, सावकार आणि मोठे अधिकारी आपली व्यक्तिचित्रे काढून घेत आणि चांगले पैसे देत. राजा रविवर्मा यांचे नाव तर घरोघरी झाले होते. १८९४ मध्ये त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची त्यांची चित्रे सामान्य माणसांच्या भिंतींवर लागली. मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवणे आबालालांना अशक्य नव्हते. पण ते कोल्हापूरला परतले. चित्रे विकण्यासाठी किंवा नाव गाजवण्यासाठी त्यांनी धडपड केली नाही. कोटितीर्थ या तळ्याच्या परिसरात ते अतिशय साधेपणाने, लोकांच्या गर्दीपासून दूर राहू लागले.

कोल्हापूर हे तळ्यांचे शहर. कोटितीर्थ हे त्यांतले एक जुने तळे. रंकाळा हा मोठा तलाव तर प्रसिद्धच आहे. त्यात काळ्या दगडांचा संध्यामठ उभा आहे. जवळून पंचगंगा नदी वाहते आणि तिला दगडी घाट आहे. आबालालांच्या चित्रांत हे सारे येते. पाणी, झाडे, घाट, देवळे, आकाश. एकच जागा ते पुन्हा पुन्हा रंगवत. सकाळी एक चित्र, दुपारी दुसरे, संध्याकाळी तिसरे. पावसाळ्यात निराळे आणि उन्हाळ्यात निराळे.

तुम्ही विचाराल, तळे तेच, काठ तोच, मग एवढी चित्रे कशासाठी? याचे उत्तर तुम्हांला कळंबच्या किनाऱ्यावर किंवा आपल्या गावच्या तळ्यावर स्वतःच शोधता येईल. पाण्याला स्वतःचा असा एक रंग नसतो. पहाटे आकाश राखाडी असते, तेव्हा पाणी राखाडी दिसते. ऊन चढले की वाऱ्याने हलणाऱ्या प्रत्येक लाटेची एक बाजू उजळते आणि दुसरी काळवंडते. झाडाची सावली पाण्यात पडते, तेथे पाण्याचा तळही दिसू लागतो. संध्याकाळी आकाश तांबूस होते आणि ओल्या वाळूवर त्याचा रंग पसरतो, पण कोरडी वाळू तशीच करडी राहते. हे सारे दहा मिनिटांत बदलून जाते. पेटीतला निळा रंग घेऊन पाणी रंगवणाऱ्या मुलाला यातले काही दिसत नाही. पाणी निळे असते, हे त्याने ऐकलेले असते. जो काठावर बसून पाहतो, त्याला मात्र कळते, की रोजचे तळे रोज नवे असते.

आबालाल असे पाहत बसत आणि मग रंगवत. जलरंग, तैलरंग, पेन्सिल, लेखणी अशी वेगवेगळी साधने त्यांनी हाताळली. शाळेत शिकलेली हुबेहूब चित्र काढण्याची रीत त्यांना पक्की येत होती. तरी तळ्याकाठच्या कित्येक चित्रांत त्यांनी प्रत्येक पान आणि प्रत्येक दगड रेखीवपणे काढण्याचा आग्रह सोडला. रंगांचे लहान लहान ठिपके आणि फटकारे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी उजेड दाखवला. जवळून पाहिले तर नुसते ठिपके दिसतात. दूर उभे राहिले की तेच ठिपके एकमेकांत मिसळतात आणि झाडावरचे ऊन चमकू लागते.

याच सुमारास दूर युरोपातही काही चित्रकार असाच प्रयत्न करत होते. फ्रान्समधील क्लोद मोने आणि त्यांच्या मित्रांनी १८७४ मध्ये पॅरिसला आपले पहिले प्रदर्शन भरवले. लोक त्यांना हसले. मोने यांनी एकाच चर्चची चित्रे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी काढली. पुढे आपल्या बागेतल्या तळ्याची चित्रे काढण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. आज ती चित्रे जगभर ओळखली जातात. कोल्हापूरचे आबालाल पॅरिसला जाऊन ही विद्या शिकलेले नव्हते. पण तळे आणि ऊन हे दोन शिक्षक त्यांनाही मिळाले होते. म्हणून जाणकार लोक त्यांच्या निसर्गचित्रांचे नाते त्या फ्रेंच चित्रकारांशी जोडतात.

१८९४ मध्ये छत्रपती शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर आले. शाहू महाराजांचे नाव तुम्ही इतिहासात वाचले आहे. त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांना शहरात राहून शिकता यावे, म्हणून त्यांनी वसतिगृहे काढली. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, त्यामागेही महाराजांचाच पुढाकार होता. मल्ल, गवई, नट आणि चित्रकार यांचे ते मोठे आश्रयदाते होते. एकांतात राहणाऱ्या आबालालांचे मोल त्यांनी ओळखले आणि त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

दरबारचे काम म्हणजे महाराजांच्या आवडीचे विषय. त्यांत शिकारीच्या प्रसंगांची चित्रे होती. ही कामे आबालालांनी मनापासून केली. पण दरबारचे काम आटोपले, की ते पुन्हा आपल्या तळ्याकडे वळत. येथे तुमच्या वहीची आठवण करून द्यावीशी वाटते. वर्गात आपण गुरुजींनी दिलेला विषय रंगवतो. तो रंगवलाच पाहिजे, कारण त्यातून हात तयार होतो. पण वहीच्या शेवटच्या पानावर, कोणी न सांगता, आपण जे काढतो, तेही चित्रच असते. आबालालांचे तळे हे त्यांच्या वहीचे शेवटचे पान होते. फरक एवढाच, की त्यांचे हे पान कधी संपलेच नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. अवघे कोल्हापूर शोकात बुडाले. आबालालांचा तर आधारच गेला. त्यानंतरची एक गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. महाराज गेल्याचे दुःख आबालालांना सहन झाले नाही. त्यांनी आपल्या घरातली चित्रे बाहेर काढली आणि कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. एक नाही, दोन नाही, हजारो चित्रे. सांगणारे त्यांचा आकडा वीस हजारांपर्यंत नेतात. ज्या तळ्याने ती चित्रे दिली, त्याच तळ्याला ती परत मिळाली.

आकडा कोणी मोजून ठेवलेला नाही. अशा गोष्टी तोंडातोंडी वाढतही जातात. पण इतक्या वर्षांच्या कामापैकी आज फार थोडी चित्रे शिल्लक आहेत, हे मात्र खरे. जलरंगाच्या चित्राचे पाण्यात काय होते, हे तुम्हांला माहीत आहे. आधी रंग सुटतात, मग कागद फुगतो आणि शेवटी लगदा होतो. लंडनला अजिंठ्याच्या प्रतिकृती आगीने नेल्या, त्यात कोणाचा इलाज नव्हता. येथे मात्र चित्रकाराने स्वतःच्या हाताने चित्रे पाण्याला दिली, असे ही गोष्ट सांगते.

मित्रांनो, या गोष्टीचा थोडा विचार करा. काही जण म्हणतात, ही राजावरील निष्ठा होती. ज्याच्यासाठी चित्रे काढली तो पाहणाराच उरला नाही, मग ती ठेवायची कोणासाठी? काही जण म्हणतात, हे विरक्त माणसाचे वागणे होते. ज्याने पैसा आणि कीर्ती धरून ठेवली नाही, तो चित्रे तरी कशाला धरून ठेवील? दोन्ही म्हणणी समजण्यासारखी आहेत. पण तिसरा एक प्रश्न उरतोच. चित्र एकदा काढून झाले, की ते फक्त चित्रकाराचे राहते का? ते तळे त्या वेळी कसे दिसत होते, काठावर कोणती झाडे होती, हे त्या कागदांवर होते. ते पुढच्या पिढीतल्या मुलांना पाहता आले असते. आता ते कोणालाच पाहता येणार नाही. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी शोधावे. वर्गात त्यावर चर्चाही करावी.

आता जे. जे. स्कूलने जपलेली ती रेखाचित्रे आठवा. आबालालांनी आयुष्यभर मन ओतून जे रंगवले, त्यातले बहुतेक गेले. पण विद्यार्थी म्हणून, वर्गात बसून, गुरुजींच्या सांगण्यावरून जे काढले, त्यातले काही उरले. कारण कोणीतरी ते कागद नीट ठेवून दिले. वर्गातल्या त्या साध्या अभ्यासचित्रांना तेव्हा फार मोल नव्हते. आज मात्र त्यांच्याकडे पाहून आपल्याला कळते, की या माणसाची नजर तरुणपणीच किती तयार होती. पुढची तळी ज्याने रंगवली, त्याने आधी उजेड आणि सावली यांचा धडा किती निष्ठेने गिरवला होता, याचा पुरावा ते कागद देतात.

वर्गातली चित्रे आणि मनाची चित्रे यांत कोणते खरे, असा प्रश्न आपण सुरुवातीला विचारला होता. आबालालांच्या आयुष्याकडे पाहिले, की त्याचे उत्तर मिळते. वर्गाने त्यांना हात दिला. तळ्याने त्यांना नजर दिली. हाताशिवाय नजर कागदावर उतरली नसती आणि नजरेशिवाय तो हात नकला करत राहिला असता. पदक हे हाताचे कौतुक होते. नजरेसाठी कोणी पदक देत नाही. ती आपली आपणच तपासावी लागते.

आबालालांनी गाजावाजा केला नाही, तरी त्यांचे काम वाया गेले नाही. कोल्हापुरातील पुढच्या चित्रकारांनी त्यांच्याकडे आदराने पाहिले. बाबूराव पेंटर हे त्यांपैकी एक. तरुणपणी त्यांच्यावर आबालालांच्या चित्रांचा प्रभाव पडला. बाबूराव पुढे नाटकांचे पडदे रंगवू लागले. मग चित्रपटांकडे वळले. त्यांनी चित्रपटासाठी लागणारा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० मध्ये सैरंध्री हा मूकपट काढला. कोल्हापूरला लोक कौतुकाने कलापूर म्हणतात. त्या नावाच्या पायाशी आबालालांचे तळ्याकाठचे बसणे आहे.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल रहिमान यांचे कोल्हापुरात निधन झाले. शाहू महाराजांच्या पश्चात ते नऊ वर्षे जगले. त्यांची उरलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहेत. सहलीला कोल्हापूरला गेलात, तर अंबाबाईचे देऊळ, राजवाडा आणि रंकाळा पाहून झाल्यावर या संग्रहालयातही जा. आबालालांच्या चित्रासमोर प्रथम जवळ उभे राहा. मग चार पावले मागे या.

आणि तोपर्यंत आपल्या वहीसाठी एवढे करा. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख लिहा. ते कोठे बसून काढले, ते लिहा. दिवसाची वेळ कोणती होती, तेही लिहा. एखादे चित्र बिघडले, म्हणून पान फाडू नका. कोठे बिघडले, ते पेन्सिलीने बारीक अक्षरात मागे टिपून ठेवा. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडा. समुद्र असो, तळे असो, नाहीतर गल्लीच्या कोपऱ्यावरची हातगाडी असो. एकच जागा निवडा आणि तीच पुन्हा पुन्हा काढा. पहिले चित्र तुम्हांला जे माहीत आहे, त्याचे होईल. दुसरे आणि तिसरेही तसेच होईल. हळूहळू तुमच्या कागदावर असे काहीतरी उमटू लागेल, जे शेजारच्या मुलाच्या वहीत नाही. त्या दिवशी तुम्हांला गुण किती मिळतील, हे सांगता येत नाही. पण ते चित्र तुम्ही स्वतः पाहिलेले असेल. ते जपून ठेवा.